अलामोचा वेढा: तटाच्या आत कोण होतं आणि कशासाठी

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचं मोठं शहर आहे. तिथे दुकानं आणि हॉटेलांच्या गर्दीत एक छोटं दगडी चर्च उभं आहे. हाच अलामो. १८३६ साली २३ फेब्रुवारीपासून ६ मार्चपर्यंत इथे वेढा पडला होता. ते लीप वर्ष होतं, म्हणून दिवस मोजले की बरोबर तेरा भरतात.

ही गोष्ट बहुतेक वेळा एका दमात सांगून टाकली जाते: मूठभर शूर माणसं स्वातंत्र्यासाठी भल्यामोठ्या फौजेशी लढली आणि लढता लढता कामी आली. ते शूर होतेच. पण गोष्ट इथेच थांबवली तर त्या तटाच्या आत कोण कोण होतं, प्रत्येकजण तिथे का आला होता आणि बाहेरची फौज एवढी का चिडली होती, हे कळतच नाही. मला तर अलामोची खरी गोष्ट तिथेच आहे असं वाटतं, म्हणून थोडं मागून सुरुवात करू.

टेक्सास तेव्हा अमेरिकेचा भाग नव्हता. तो मेक्सिकोचा उत्तरेकडचा सरहद्दीचा मुलूख होता. मेक्सिको १८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला, तेव्हा टेक्सासात स्पॅनिश बोलणारी वस्ती अगदी विरळ होती आणि कोमांची या मूळ रहिवासी जमातीचा दरारा मोठा होता. रिकामा मुलूख सांभाळणं नव्या सरकारला जड जात होतं, म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना येऊन राहायला परवानगी दिली. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला जवळजवळ ४,४२८ एकर जमीन नाममात्र पैशांत मिळे. अमेरिकेत सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर रोख मोजून घ्यावी लागे, त्यामुळे लोकांची रीघ लागली. अटी होत्या: मेक्सिकोचं नागरिकत्व घ्यायचं, कॅथलिक धर्म मानायचा, इथले कायदे पाळायचे. स्टीफन ऑस्टिन या माणसानं पहिली तीनशे कुटुंबं आणली. दहा-पंधरा वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्यांची संख्या स्पॅनिश बोलणाऱ्या स्थानिकांच्या कितीतरी पुढे गेली. या स्थानिकांना तेहानो म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भांडण दोन गोष्टींवरून पेटलं आणि त्या दोन्ही एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली गोष्ट राज्यकारभाराची. मेक्सिकोच्या १८२४ च्या राज्यघटनेनं प्रत्येक राज्याला स्वतःचा कारभार बऱ्यापैकी स्वतः पाहायची मुभा दिली होती. अंतोनिओ लोपेझ दे सांता आना हा सेनापती १८३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि लवकरच त्यानं ही व्यवस्था मोडीत काढून सगळी सत्ता राजधानीत एकवटायला घेतली. राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या, स्थानिक सैन्यदळं कमी करण्याचे हुकूम सुटले. याला विरोध फक्त टेक्सासनं केला नाही. झाकातेकास या मेक्सिकोतल्याच राज्यानं बंड केलं, तेव्हा मे १८३५ मध्ये सांता आनानं ते चिरडलं आणि शहर सैनिकांना लुटू दिलं. म्हणजे सुरुवातीला हा घरातलाच वाद होता. बंड करणाऱ्यांपैकी अनेकांची मागणी वेगळ्या देशाची नव्हतीच, त्यांना १८२४ ची घटना परत हवी होती. अनेक तेहानो याच कारणासाठी बंडात उतरले.

दुसरी गोष्ट गुलामगिरीची, आणि ती लपवून अलामो समजावता येत नाही. अमेरिकेतून आलेले पुष्कळ जमीनदार कापूस पिकवत आणि शेतात राबायला गुलाम म्हणून ठेवलेली कृष्णवर्णीय माणसं सोबत आणत. मेक्सिकोनं १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली. टेक्सासला त्यातून सूट मिळाली खरी, पण पुढेमागे ती जाईल ही धास्ती कायम राहिली. कायद्यातून निसटण्यासाठी काही मालक गुलामांकडून ९९ वर्षांच्या नोकरीचे करार लिहून घेत. १८३० मध्ये मेक्सिकोनं अमेरिकेतून येणाऱ्या नव्या वसाहतकारांना बंदी घातली, तरी लोक येतच राहिले. ‘आमचे हक्क हिरावले जात आहेत’ असं म्हणणाऱ्यांत माणसं विकत घेऊन ठेवण्याचा हक्क मागणारेही होते.

ऑक्टोबर १८३५ मध्ये गोन्झालेस गावात एका छोट्या तोफेवरून पहिली चकमक झाली. डिसेंबरमध्ये बंडखोरांनी सॅन अँटोनिओ जिंकलं आणि सांता आनाचा मेहुणा जनरल कोस याला शरण यायला लावलं. यामुळे सांता आनाच्या रागाला घरगुती अपमानाचीही धार आली. बंडखोरांना मात्र वाटलं की युद्ध संपलं. बरेच जण शेतीकडे परतले. काही जण मेक्सिकोतल्या मातामोरोस बंदरावर स्वारी करायला निघाले आणि जाताना सॅन अँटोनिओतली रसद घेऊन गेले. टेक्सासचं हंगामी सरकार आपसात भांडून ठप्प झालं होतं. गव्हर्नर एकीकडे, मंडळ दुसरीकडे. सांता आना हिवाळ्यात येणार नाही, वसंतात गवत उगवल्यावर येईल, असाच सगळ्यांचा हिशोब होता. तो भर थंडीत, बर्फातून फौज हाकत आला. उष्ण युकातानातून आणलेले काही माया सैनिक तर त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या तुकडीत थंडीनंच मेले. त्यातले पुष्कळ जण स्वतःच्या मर्जीनं आलेले नव्हते, त्यांना सक्तीनं भरती केलं होतं.

आता अलामोकडे येऊ. हा लष्करी किल्ला म्हणून बांधलेलाच नव्हता. १७१८ मध्ये स्थापन झालेला तो धर्मप्रसारकांचा मठ होता. चर्च, लांबलचक दगडी इमारती आणि जवळजवळ तीन एकरांचं आवार. भोवतीच्या भिंती टोळीच्या हल्ल्याला पुरेशा होत्या, तोफांना नव्हत्या. आपल्याकडच्या किल्ल्यांना बुरूज असतात आणि तटात जंग्या असतात, म्हणजे आडोशाला राहून बंदूक रोखायची भोकं. इथे त्या नव्हत्या. गोळी झाडायची तर तटाच्या वर डोकं काढून उभं राहावं लागे. चर्चला छप्पर नव्हतं. दक्षिणेकडे चर्च आणि शेजारच्या इमारतीमध्ये चक्क खिंडार होतं, ते लाकडी मेढेकोट ठोकून बुजवलं होतं. उत्तरेची भिंत पडझड झालेली, तिला लाकडं आणि माती लावून टेकू दिले होते. या डागडुजीच्या लाकडांनी शेवटच्या दिवशी घात केला.

जमेची बाजू म्हणजे तोफा. कोसच्या फौजेनं टाकून दिलेल्या धरून अठरा ते एकवीस तोफा आत होत्या. पण एवढं आवार सांभाळायला शिबंदी होती सुमारे दीडशे. एक तोफ नीट चालवायलाच चार-सहा माणसं लागतात, म्हणजे माणसांचं गणित पहिल्या दिवसापासून जमत नव्हतं.

टेक्सासच्या फौजेचा प्रमुख सॅम ह्यूस्टन याला ही जागा लढवण्याजोगी वाटत नव्हती. तोफा हलवून ती उडवून द्यावी असं त्याचं मत होतं. जानेवारीत त्यानं जिम बोवीला तीसेक माणसं देऊन पाठवलं. बोवीनं पाहणी केली आणि उलटंच ठरवलं. ही जागा सोडण्यापेक्षा इथल्या खंदकांत मरू, असं त्यानं २ फेब्रुवारीच्या पत्रात कळवलं. दुसऱ्या दिवशी विल्यम ट्रॅव्हिस हा सव्वीस वर्षांचा वकील आणखी तीस स्वार घेऊन आला. काही दिवसांनी डेव्हिड क्रॉकेट आला. हा टेनेसीचा माजी खासदार, शिकारी आणि गप्पिष्ट म्हणून देशभर प्रसिद्ध. अमेरिकेच्या संसदेत मूळ रहिवाशांना हुसकावून लावणाऱ्या १८३० च्या कायद्याविरुद्ध त्यानं मत दिलं होतं. उलट बोवीनं पूर्वी गुलामांच्या चोरट्या व्यापारात पैसा कमावला होता. एकाच तटामागे इतकी वेगवेगळी माणसं उभी होती.

आणि एस्पार्सा कुटुंब होतं. ग्रेगोरिओ एस्पार्सा हा सॅन अँटोनिओचाच तेहानो, बंडखोरांच्या बाजूचा गोलंदाज. २३ फेब्रुवारीला मेक्सिकन फौज गावाबाहेर दिसली तेव्हा तो बायको-मुलांना घेऊन अलामोत शिरला. त्याचा मुलगा एनरिके तेव्हा लहान होता. म्हातारपणी त्यानं वर्तमानपत्रांना सांगितलेल्या आठवणींत आहे, की दारं बंद झाली होती, म्हणून त्यांना चर्चच्या एका खिडकीतून आत घेतलं आणि आत उतरताना तोफेवरून जावं लागलं. ग्रेगोरिओचा सख्खा भाऊ फ्रान्सिस्को मात्र मेक्सिकन फौजेच्या बाजूला होता.

त्याच दिवशी गावातल्या सॅन फर्नांडो चर्चवर लाल निशाण चढलं. याचा अर्थ, कुणालाही जीवदान मिळणार नाही. मेक्सिकन सरकारनं आधीच जाहीर केलं होतं की शस्त्र घेऊन आलेल्या परक्यांना चाचे समजून वागवलं जाईल. ट्रॅव्हिसनं तोफेचा एक गोळा टाकून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून बोवी तापानं अंथरुणाला खिळला आणि सगळी जबाबदारी ट्रॅव्हिसवर आली.

२४ तारखेला ट्रॅव्हिसनं लिहिलेलं पत्र आजही टेक्सासात पाठ केलं जातं. ‘टेक्सासची जनता आणि जगातले सर्व अमेरिकन’ यांना उद्देशून ते आहे. आपण शरण जाणार नाही, माघारही घेणार नाही, मदत पाठवा, असं सांगून शेवटी लिहिलं आहे: विजय किंवा मृत्यू. मला त्यातला ताजा कलम जास्त भावतो. शत्रू दिसला तेव्हा आमच्याकडे जेमतेम तीन बुशेल (धान्य मोजायचं एक माप) मका होता, नंतर ओस पडलेल्या घरांतून ऐंशी-नव्वद बुशेल सापडला आणि वीस-तीस गुरं आत आणली, असं तो कळवतो. वेढ्यात शौर्याइतकाच दाण्यागोट्याचा हिशोब चालू असतो, तो या दोन ओळींत दिसतो.

आणि हे स्वातंत्र्याचं पत्र लिहिणाऱ्या ट्रॅव्हिसजवळ ज्यो नावाचा तरुण होता. तो ट्रॅव्हिसचा गुलाम होता.

मदत का आली नाही? जासूद रात्री वेढ्यातून निसटून घोडे दामटत. हुआन सेगीन हा तेहानो अधिकारी असाच निरोप घेऊन बाहेर पडला. जवळची मोठी तुकडी दीडशे किलोमीटरवर गोलियादला होती. तिचा प्रमुख फॅनिन सुमारे ३२० माणसं घेऊन निघालाही, पण गोलियाद अजून नजरेआड झालं नव्हतं तोच गाड्या मोडल्या, रसद कमी पडली आणि तो परत फिरला. गोन्झालेस या लहानशा गावातून मात्र ३२ माणसं आली. १ मार्चला पहाटे मेक्सिकन पहारे चुकवून ती अलामोत शिरली. आत जाणं म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ३ मार्चला उलट सांता आनालाच हजारेक सैनिकांची कुमक मिळाली.

दरम्यान २ मार्चला दूर वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस या वस्तीत प्रतिनिधींनी टेक्सास स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. सह्या करणाऱ्यांत नावारो आणि रुईझ हे दोघे तेहानोही होते. नावारोची पुतणी त्या क्षणी अलामोच्या आत होती.

वेढ्याचं शास्त्र सांगतं की वेळ वेढा घालणाऱ्याच्या बाजूनं असतो. सांता आनाकडे होत्या त्या तोफा हलक्या होत्या, जड तोफा मागून येत होत्या आणि ७ मार्चपर्यंत पोहोचतील अशी अपेक्षा होती. काही अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, दोन दिवस थांबू, तोफांनी भिंत पाडू, आपली माणसं वाचतील. सांता आनानं ऐकलं नाही. त्यानं ६ मार्चला पहाटे सुलतानढवा करायचा ठरवलं. हा निर्णय त्याच्याच सैनिकांना किती महाग पडला ते पुढे दिसेल.

५ तारखेच्या रात्री तोफांचा मारा मुद्दाम थांबवला. बारा दिवस नीट झोप न मिळालेली आतली माणसं शांतता होताच गाढ झोपली. अंधारात चार बाजूंनी चार तुकड्या सरपटत पुढे आल्या. तटाबाहेरचे पहारेकरी आवाज करण्याआधीच मारले गेले. साडेपाचच्या सुमारास अधीर झालेल्या काही सैनिकांनी सांता आनाच्या नावाचा जयघोष केला आणि आत जाग आली. ट्रॅव्हिस उठून ज्योसह उत्तरेच्या तटाकडे धावला.

तोफांत भरायला गोळे पुरेसे नव्हते, म्हणून नाल, बिजागऱ्या, लोखंडाचे तुकडे ठासले होते. पहिल्या माऱ्यात मेक्सिकन रांगाच्या रांगा कोसळल्या. मागच्यांनी अंधारात झाडलेल्या गोळ्या पुढे असलेल्या आपल्याच माणसांना लागल्या. दोन वेळा हल्ला परतला. पण तटाच्या अगदी पायथ्याशी पोहोचलेल्या माणसावर वरच्या तोफेचा मारा होऊ शकत नाही, कारण तोफेचं तोंड तेवढं खाली वळत नाही. गर्दी उत्तरेच्या भिंतीखाली साचली. शिड्या थोड्याच पोहोचल्या होत्या, पण डागडुजीच्या त्या खडबडीत लाकडांना धरून सैनिक वर चढले. ट्रॅव्हिस सुरुवातीलाच कपाळात गोळी लागून पडला होता. सैनिक आवारात उतरल्यावर बचाव करणारे लांब इमारतीच्या खोल्यांत मागे सरले. त्यांनी एक चूक केली: तटावरच्या तोफा निकामी न करता सोडल्या. मेक्सिकनांनी त्याच फिरवून दारं फोडली. मग खोल्या-खोल्यांत संगिनींची झटापट झाली. बोवी आजारी अवस्थेत अंथरुणातच मारला गेला. दीड तासात सगळं संपलं.

आतले लढणारे किती मेले याचे आकडे साधारण १८० पासून २५० पर्यंत दिले जातात. मेक्सिकन बाजूला मृत आणि जखमी मिळून चारशे ते सहाशे असावेत. फौजेसोबत धड वैद्यकीय व्यवस्था नव्हती, त्यामुळे वाचू शकणारे जखमीही मेले.

बायका-मुलं आणि ज्यो वाचले. एनरिके आईबरोबर सांता आनासमोर उभा राहिला. प्रत्येक बाईला दोन चांदीची नाणी आणि एक घोंगडी देऊन सोडून देण्यात आलं. बचाव करणाऱ्यांची प्रेतं लाकडांच्या ढिगांवर जाळली. अपवाद ग्रेगोरिओ एस्पार्साचा. भाऊ फ्रान्सिस्कोनं परवानगी मागितली आणि त्याला रीतसर दफन करता आलं.

सुझाना डिकिन्सन ही एका अधिकाऱ्याची विधवा तान्ह्या मुलीसह गोन्झालेसला बातमी घेऊन गेली. त्या गावातून गेलेल्या ३२ जणांपैकी एकही उरला नव्हता. ह्यूस्टननं गाव जाळून माघार घेतली आणि हजारो कुटुंबं चिखल-पावसात पूर्वेला पळाली. २७ मार्चला गोलियादला शरण आलेल्या फॅनिनच्या तीनशेहून जास्त माणसांना सांता आनाच्या हुकमानं गोळ्या घातल्या. २१ एप्रिलला सॅन हासिंतो इथे ह्यूस्टननं दुपारच्या विश्रांतीत असलेल्या मेक्सिकन छावणीवर झडप घातली. ‘अलामो आठवा!’ ही तिथली आरोळी. लढाई अठरा मिनिटांत निकाली लागली, पण शस्त्रं टाकलेल्यांची कत्तल त्यानंतरही चालू राहिली. सहाशेहून जास्त मेक्सिकन मेले. सेगीनची तेहानो तुकडी तिथे ह्यूस्टनकडून लढली. चुकून आपल्याच माणसांनी मारू नये म्हणून त्यांनी टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. दुसऱ्या दिवशी सांता आना पकडला गेला.

अलामोतल्या तेरा दिवसांनी ह्यूस्टनला फौज उभारायला वेळ मिळाला, असं नेहमी सांगतात. मला हा दावा थोडा ताणलेला वाटतो, कारण वेढा संपल्यावर गोन्झालेसला त्याच्याकडे जेमतेम पावणेचारशे माणसं होती. अलामो आणि गोलियादनं दिला तो संताप. त्या संतापानं मागाहून फौज जमली.

काही गोष्टी सांभाळून ऐकायला हव्यात. ट्रॅव्हिसनं तलवारीनं जमिनीवर रेघ ओढून ‘जे राहतील ते इकडे या’ म्हटल्याची कथा १८७३ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, तब्बल ३७ वर्षांनी. क्रॉकेट लढता लढता पडला की पकडून मारला गेला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. आणि चर्चच्या दर्शनी भिंतीवरची ती ओळखीची कमानदार चढण अमेरिकन सैन्यानं १८५० मध्ये बांधली. तिच्यासकट दाखवलेलं वेढ्याचं चित्र दिसलं, तर चित्रकारानं नंतरची इमारत पाहून ते काढलं आहे असं समजा.

टेक्सास स्वतंत्र देश झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. त्यातून पुढच्याच वर्षी अमेरिका आणि मेक्सिकोचं युद्ध पेटलं. या नव्या देशाच्या घटनेनं गुलामगिरीला पक्कं संरक्षण दिलं. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही संसदेच्या परवानगीशिवाय तिथे कायमचं राहता येत नव्हतं. ज्योनं मंत्रिमंडळाला लढाईची हकिगत सांगितली, तरी त्याला ट्रॅव्हिसची मालमत्ता म्हणूनच परत पाठवलं. सॅन हासिंतोच्या लढाईला वर्ष झालं त्याच दिवशी, २१ एप्रिल १८३७ ला, तो पळून गेला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सेगीननं अलामोतल्या साथीदारांची राख गोळा करून सन्मानानं पुरली आणि स्पॅनिशमध्ये भाषण केलं. १८३९ मध्ये एका गावाला त्याचं नाव दिलं गेलं. तो सॅन अँटोनिओचा महापौर झाला. पण नव्यानं आलेल्या लोकांना स्पॅनिश बोलणारा प्रत्येकजण शत्रू वाटत होता. देशद्रोहाचे आरोप आणि धमक्या वाढल्यावर १८४२ मध्ये त्याला कुटुंबासह मेक्सिकोत पळावं लागलं आणि तिथे मेक्सिकन फौजेत जावं लागलं. युद्ध संपल्यावर तो परत आला, पण मृत्यू आला तो १८९० मध्ये सरहद्दीपलीकडे, नुएवो लारेदोत. त्याचे अवशेष त्याच्या नावाच्या गावात आणले गेले १९७४ मध्ये.